घट नाही, असे म्हणताना

तीस वर्षे मी महाविद्यालयात भारतीय तर्कशास्त्र शिकवले आणि दर पावसाळ्यात, नवे वर्ग सुरू झाले की, मुलांपुढे एक रिकामी जमीन मांडली. भूतलावर घट नाही. वाक्य एवढेच. मग विचारायचे, हे तुम्हाला कशावरून कळले? डोळ्यांना जमीन दिसते, तिच्यावरची ओल दिसते, पडलेला खडूचा तुकडा दिसतो. ‘नाही’ कुठे दिसते? मीमांसक कुमारिल भट्टांचे उत्तर असे की ‘नाही’चे ज्ञान डोळा देतच नाही, ते देणारे प्रमाण स्वतंत्र आहे आणि त्याचे नाव अनुपलब्धी. नैयायिकांना हे पटत नाही. डोळा जमिनीबरोबर तिच्यावरचा अभावही टिपतो, असे ते म्हणतात. प्राभाकर मीमांसक तर अभाव नावाची वेगळी वस्तूच मानत नाहीत. घट नाही म्हणजे नुसती जमीन, दुसरे काही नाही. या भांडणात मुले रमत असत, कारण प्रत्येकाला आपापला पक्ष घेता येई.

पण एक अट बहुतेकांना मान्य आहे, आणि मला तीच या सगळ्या चर्चेचा गाभा वाटत आली. न दिसण्याला काही किंमत यायची असेल तर वस्तू दिसण्याजोगी हवी आणि पाहण्याची परिस्थितीही तशी हवी. ‘असता तर दिसला असता’ असे ठामपणे म्हणता आले, तरच ‘दिसला नाही, म्हणून नाही’ असे म्हणता येते. हिला योग्यता म्हणतात. ‘वेदान्तपरिभाषे’त धर्मराजाध्वरींद्रांनी ती उजेड आणि अंधार घेऊन समजावली आहे. लख्ख उजेडात घट दिसला नाही तर तो नाहीच. अंधारात दिसला नाही तर त्यातून घटाविषयी काहीच कळत नाही. त्यांच्या कितीतरी आधी, सातव्या शतकात, बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी न दिसणाऱ्या वस्तूंचे तीन प्रकार केले होते. काही स्थळाने दूर, काही काळाने दूर आणि काही स्वभावानेच दूर. तिसऱ्याचे उदाहरण पिशाचाचे. समोर पिशाच दिसत नाही, एवढ्यावरून ते नाही असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. असते, तरी ते दिसले नसते.

इतकी वर्षे हे सांगितले, आणि अक्काचा पहिला रिपोर्ट हातात आला तेव्हा यातले एक अक्षर मला आठवले नाही.

अक्का माझी थोरली बहीण. तिची तक्रार साधी होती. ‘दोन घास खाल्ले की गच्च होतं रे. पुढचा घास जायला जागाच नसते.’ दुखत नव्हते, उलटी नव्हती, रक्त पडत नव्हते. दीड भाकरी खाणारी बाई अर्ध्या भाकरीवर आली, मग चतकोरावर. वय झाले, दात हलतात, ॲसिडिटी असेल, अशी सगळी कारणे देऊन झाली. लुगड्याच्या निऱ्या वाढत गेल्या तेव्हा आम्ही तिला दुर्बिणीतून तपासून घेतले. रिपोर्ट नॉर्मल आला. दुर्बिणीतून काढलेले तुकडे तपासले, त्यांतही कर्करोगाचा मागमूस नव्हता. मी त्या संध्याकाळी देवापुढे साखर ठेवली.

एंडोस्कोपीला आपल्याकडे दुर्बीण म्हणतात. फारसीतून आलेला शब्द. जी दूरचे पाहते ती दुर्बीण. आकाशातले ग्रह पाहण्याचे यंत्र आणि बरगड्यांखाली वीतभर आत असलेले जठर पाहण्याचे यंत्र, दोन्हींना मराठी माणसाने एकच नाव दिले, आणि ते मला फार नेमके वाटते. जठर स्थळाने दूरच आहे. अंतर हातभर, पण वळणावळणाचे आणि काळोखाचे. 1868 साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये आडोल्फ कुसमाउल या डॉक्टरने ते तोडायला चक्क एक तलवार गिळणारा माणूस गाठला. मान मागे टाकून, घसा आणि अन्ननलिका एका रेषेत आणून तलवार आत घेणे हा त्याचा धंदा. तलवारीच्या जागी त्याने धातूची सरळ नळी घेतली. नळी जठरापर्यंत गेली. उजेड गेला नाही. दिवा बाहेर, त्याचा प्रकाश आरशाने आत फेकायचा, आणि तो वाटेतच संपून जाई. वेदान्तपरिभाषेतला अंधारातला घट मला कुसमाउलच्या त्या नळीच्या टोकाशी दिसतो. तिथे डोळा पोचला होता, म्हणून पाहणे झाले असे नव्हे.

पुढची गोष्ट उजेड आत नेण्याची आहे आणि ती भराभर सांगता येते. 1932 मध्ये रुडोल्फ शिंडलरची अर्धवट लवचीक नळी आली. 1950 मध्ये टोकियोत तात्सुरो उजी यांनी ऑलिम्पसच्या तंत्रज्ञांबरोबर चिमुकला कॅमेरा आणि दिवा जठरातच उतरवला. 1954 मध्ये हॅरल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातल्या मोग्याचे नरिंदर सिंग कपानी यांनी काचेच्या बारीक तंतूंच्या जुडीतून चित्र वाकवून नेता येते हे दाखवले; ते वाचून बेसिल हर्शोविट्झ यांनी पूर्ण लवचीक दुर्बीण केली आणि 1957 मध्ये ती आधी स्वतः गिळली. आज जठराचे अस्तर तळहातावरच्या रेषांसारखे स्वच्छ दिसते. जठराचे बहुतेक कर्करोग या अस्तरातच उगवतात आणि तिथेच व्रणाच्या किंवा उंचवट्याच्या रूपाने तोंड काढतात. त्यांच्यापुरते ‘दुर्बिणीत काही दिसले नाही’ हे वाक्य बऱ्यापैकी भक्कम पायावर उभे असते. घट असता तर दिसला असता.

पण जठराची भिंत म्हणजे नुसते अस्तर नव्हे. अस्तराखाली एक सैलसर थर, त्याखाली स्नायू, सर्वांत बाहेर पातळ आवरण. दुर्बीण पाहते तो गिलावा. आणि काही थोडे कर्करोग असे आहेत की ते गिलाव्याला फारसा धक्का न लावता भिंतीत ओल चढावी तसे चढत जातात.

त्यांतल्या एकाला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या विल्यम ब्रिंटन यांनी लिनायटिस प्लास्टिका असे नाव दिले. कापलेल्या भिंतीत त्यांना तागाच्या कापडासारखी वीण दिसली, म्हणून तागाचा ग्रीक शब्द. या रोगातल्या पेशींनी एकमेकींचा हात सोडलेला असतो. त्या गाठ करून राहत नाहीत; सुट्या सुट्या, एकेकट्या, थरांमधून पसरतात, आणि त्यांच्या भोवती चिवट तंतूंचे जाळे माजते. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक पेशीच्या पोटात चिकट द्रवाचा फुगा असतो आणि त्याने केंद्रक एका कडेला रेटलेले असते, म्हणून त्यांना खड्याच्या अंगठीची उपमा देतात. जठर हळूहळू जाड, आखूड, कडक होते. इंग्रज डॉक्टर त्याला चामड्याची बाटली म्हणत. आपल्याकडे तेल-तूप ठेवायला चामड्याचा बुधला असे. मला तोच शब्द जवळचा वाटतो. बुधल्यात जेवढे मावते तेवढेच मावते. तो ताणला जात नाही. अक्काचा ‘पुढच्या घासाला जागा नसते’ हा उद्गार अक्षरशः खरा होता, आणि आम्ही तो अरुची म्हणून ऐकला होता.

दुर्बिणीचा चिमटा ज्वारीच्या दाण्याहून लहान तुकडा उचलतो, तोही अस्तराचा. खालच्या थरात ओल असेल तर तो तुकडा निर्दोष निघू शकतो. पॅथॉलॉजिस्टने लिहिलेले खरेच असते. त्या तुकड्यात कर्करोग नव्हता. त्या वाक्यातले ‘त्या तुकड्यात’ हे दोन शब्द घरी येईपर्यंत गळून पडले, एवढेच.

तीन महिन्यांनी आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. ते वयाने बरेच मोठे होते. त्यांनी अक्काला, काय खाता हे न विचारता, पूर्वी किती खात होता आणि आता किती खाता हे विचारले. मग म्हणाले, ‘आपण बेरियम करू या.’ मला ते ऐकून निराशा वाटली. सीटीच्या जमान्यात बेरियम म्हणजे जुनी तपासणी, असा माझा समज होता. अक्काने पेलाभर पांढरे, सफेदीसारखे दाट पाणी मोठ्या कष्टाने प्यायले. पडद्यावर अन्ननलिकेतून एक पांढरी धार उतरली आणि जठराच्या जागी एक अरुंद, सरळसोट आकार उभा राहिला. डॉक्टरांनी बोट ठेवून गाठ वगैरे काही दाखवली नाही. ते थांबले. मीही थांबलो. बराच वेळ पडद्यावर काहीही झाले नाही. मग ते हळू आवाजात म्हणाले, ‘साधारण वीस सेकंदांनी एक लाट यायला पाहिजे. वरून खाली. मिनिटाला तीन. इथे लाट येत नाही.’

अशी हालचाल पडद्यावर पाहण्याची सुरुवात झाली ती 1896 च्या डिसेंबरात, क्ष-किरणांचा शोध लागून जेमतेम वर्ष झाले असताना. हार्वर्डमध्ये वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला असलेला वॉल्टर कॅनन प्राण्यांना बिस्मथ मिसळलेले अन्न खाऊ घालून त्यांच्या पोटातली हालचाल पडद्यावर बघू लागला. आधी हंस, मग मांजरे. रंटगेनने शोधलेल्या या किरणांनी लोक तोवर मुख्यतः हाडे बघत होते, मोडलेला हात, शिरलेली गोळी, बोटातली अंगठी. जे स्थिर आहे ते. कॅननने त्यांच्यात काळ आणला. जठराच्या मध्यावरून लाटा निघतात आणि खालच्या तोंडाकडे सरकत जातात हे त्याने नोंदवले, आणि त्याच्या 1898 च्या निबंधात आणखी एक निरीक्षण आहे, जे वाचून मी थबकलो होतो. मांजर चिडले, घाबरले, धडपडू लागले की लाटा थांबत. ते शांत झाले की पुन्हा सुरू होत. भीतीने पोटात गोळा येतो हे मराठी भाषेला कॅननच्या आधीपासून ठाऊक होते. त्याने तो गोळा पडद्यावर पाहिला.

त्या खोलीत, शिशाचे जड ॲप्रन अंगावर घेऊन उभा असताना, मला माझी रिकामी जमीन आठवली. इथेही एक ‘नाही’ होते. लाट नाही. पण या ‘नाही’मागे अट पुरी झालेली होती. बेरियम लख्ख होते, जठर भरलेले होते, वेळ पुरेसा दिला होता, आणि लाट ही दिसण्याजोगीच गोष्ट आहे. असती तर दिसली असती. पहिल्या रिपोर्टमधले ‘काही नाही’ आणि हे ‘लाट नाही’, दोन्ही वाक्ये व्याकरणात जुळ्या बहिणींसारखी. एकाला प्रमाणाचा आधार नव्हता आणि दुसऱ्यावर सगळे निदान उभे राहिले.

नंतर मी त्यांना विचारले, तुम्हाला हे सुचले कसे? ते म्हणाले, ‘पस्तीस वर्षांत अशी सात-आठ जठरं बघितली असतील. पहिलं समोर आलं तेव्हा मलाही कळलं नव्हतं.’ या उत्तराचा मी फार विचार केला. आपण रोगाला दुर्मीळ म्हणतो तेव्हा लोकसंख्येतला आकडा सांगत असतो. पण दुर्मिळपणा पाहणाऱ्याच्या डोळ्यांतही उतरतो. जी गोष्ट पाच वर्षांतून एकदा समोर येते तिच्यासाठी डोळ्यात जागा तयार नसते. आमच्या शास्त्रकारांनी योग्यतेत उजेड धरला, इंद्रिय धरले, वस्तू धरली. पाहणाऱ्याची स्मृतीही त्यात धरायला हवी, असे मला त्या दिवसापासून वाटते. वर्गात मी ते कधी सांगितले नव्हते.

पुढे सीटी झाली. आधी भरपूर पाणी पाजून, कारण रिकामे जठर आक्रसलेले असते आणि आक्रसलेली भिंत निरोगी असली तरी जाड दिसते. अक्काची भिंत पाणी पिऊनही जाडच राहिली. खोलवरून घेतलेल्या तुकड्यात अंगठीसारख्या पेशी सापडल्या. पेट स्कॅनमध्ये मात्र तिचे जठर जेमतेम उजळले होते. मी नातेवाईकांना फोन करून सांगत होतो की पेटमध्ये फारसे काही नाही, तेव्हा डॉक्टरांनी मला हातानेच थांबवले. पेट स्कॅन भूक पाहतो. ग्लुकोजसारख्या एका रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन जोडून तो शिरेतून देतात. ज्या पेशी साखरेला हपापलेल्या असतात त्या तो आत ओढून घेतात आणि चित्रात उजळतात. फ्लोरिनचे आयुष्य थोडे, दर 110 मिनिटांनी निम्मे होणारे, त्यामुळे ते बनवणारा सायक्लोट्रॉन फार लांब असून चालत नाही. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये 2002 साली तो बसला, आणि आपल्या देशात ही तपासणी तिथून सुरू झाली. पण अंगठीसारख्या पेशी बहुधा साखरेच्या फारशा भुकेल्या नसतात. त्या न उजळता वाढतात. म्हणजे पुन्हा तेच: चित्र काळोखे होते, पण तो काळोख पेशींच्या स्वभावाचा होता, त्यांच्या नसण्याचा नव्हता. पोटाच्या आतल्या आवरणावर पडलेले बारीक दाणे तर सीटीलाही दिसले नव्हते. ते लॅपरोस्कोपीत, पोटाला भोक पाडून कॅमेरा आत घातल्यावर दिसले. त्यानंतर शस्त्रक्रियेचा विषय कोणी काढला नाही.

त्या दिवसांत रात्री झोप येत नसे आणि मी वाचत बसे. जठरात ती लाट उठवतो कोण, या साध्या प्रश्नापासून सुरुवात केली आणि भलत्याच ठिकाणी पोचलो. लाटेचा ताल धरणाऱ्या पेशी स्नायूंच्या थरांमध्ये विखुरलेल्या असतात. सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने त्या पहिल्यांदा रेखाटल्या; 1906 चे नोबेल ज्यांना विभागून मिळाले त्या दोघांतला हा एक. त्याला त्या आदिम चेतापेशी वाटल्या होत्या. मिनिटाला तीनदा ताल देणाऱ्या या पेशींच्या कुळातूनच आणखी एक दुर्मीळ गाठ जन्म घेते, जिस्ट नावाची. वर्षाकाठी दर 10 लाख माणसांत साधारण 10 ते 15 जणांना होणारी, आणि त्यांतही निम्म्याहून अधिक वेळा जठरात. अक्काला जे झाले त्याच्या अगदी उलट स्वभावाची ही गाठ. भिंतीत पसरत नाही, गोळा होऊन बसते. पण तीही अस्तराखाली, स्नायूच्या थरात. दुर्बिणीतून बघणाऱ्याला गुळगुळीत, निरोगी अस्तराला आलेला नुसता फुगवटा दिसतो. चिमटा लावला तर वरचे निरोगी अस्तरच हाती येते. 1980 च्या सुमारास दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफीचा प्रोब बसवला गेला आणि तेव्हापासून ही भिंत आतून ऐकता येऊ लागली. आवाजाच्या प्रतिध्वनीत तिचे पाच पट्टे दिसतात, उजळ, काळा, उजळ, काळा, उजळ. चौथा, काळा पट्टा स्नायूचा. फुगवटा त्या चौथ्या पट्ट्यातून निघालेला दिसला की अनुभवी डॉक्टर जिस्टचा संशय धरतो आणि सुई तिथवर नेतो.

या गाठीला स्वतःचे नाव मिळायलाच 1983 उजाडले. तोवर ती स्नायूची गाठ समजली जाई. 1998 मध्ये ओसाकाच्या सेइइची हिरोता आणि सहकाऱ्यांनी तिच्यात किट या जनुकातला बिघाड शोधला. त्या बिघाडाने पेशीला वाढीचा हुकूम अखंड मिळत राहतो. शस्त्रक्रियेने निघाली नाही तर तोवर हिच्यावर जवळजवळ इलाज नव्हता, केमोथेरपीला ती दाद देत नसे. मग 2000 च्या मार्चमध्ये हेलसिंकीत एक पन्नास वर्षांची बाई आली, जठरातली गाठ काढून काही वर्षे झालेली, रोग यकृतात पसरलेला. हाइक्की योएन्सू यांनी तिला रक्ताच्या एका कर्करोगासाठी तयार होत असलेले औषध सुरू केले, इमॅटिनिब, रोज 400 मिलिग्रॅम. आधीच्या पेट स्कॅनमध्ये तिचे यकृत दिवाळीसारखे पेटलेले होते. महिन्याभराने काढलेल्या स्कॅनमध्ये ते दिवे विझले होते. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या निबंधातली ती शेजारी शेजारी ठेवलेली दोन चित्रे मी कितीदा पाहिली, सांगता येणार नाही. आमच्या घरातही एक पेट स्कॅन होता. तिच्या चित्रात काळोख म्हणजे जीवदान होते, आमच्या चित्रात काळोख म्हणजे फसगत.

जिस्टने डॉक्टरांना आणखी एक गोष्ट शिकवली आणि ती मला सर्वांत विलक्षण वाटते. औषध लागू पडतेय की नाही हे ठरवायची तोवरची रीत मोजपट्टीची होती. सीटीवर गाठीचा लांबात लांब व्यास घ्यायचा; 30 टक्क्यांनी घटला तर गुण आला, 20 टक्क्यांनी वाढला तर रोग बळावला. इमॅटिनिबवर असलेल्या माणसांच्या गाठी मात्र पुष्कळदा आकाराने होत्या तेवढ्याच राहत. काही तर फुगत. माणसाला भूक लागू लागलेली, चेहऱ्यावर तजेला आलेला, आणि कागदावर रोग वाढलेला. गाठ आतून मरत होती. मरताना तिचा गर जेलीसारखा होई, कधी आत रक्त साकळे. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमधल्या हेसुन चोई आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये नवी कसोटी मांडली. व्यास 10 टक्क्यांनी घटला, किंवा घनता 15 टक्क्यांनी उतरली, तर गुण आला समजा. सीटीत घनता हौन्सफील्डच्या एककात मोजतात, पाण्याला शून्य धरून. म्हणजे गाठ किती मोठी हे न विचारता ती पाण्याच्या किती जवळ आली हे विचारायचे. यात मला धर्मकीर्तींचे काळाने दूर असणे दिसते. आकारातला बदल महिने दूर असतो. आज बघून तो दिसत नाही, म्हणून तो होणार नाही असे म्हणता येत नाही. आणि हेही की विझलेल्या गाठीच्या राखाडी अंधारात एखादा छोटा उजळ ठिपका पुन्हा दिसू लागला, तर एकूण व्यास जागचा हललेला नसला तरी रेडिओलॉजिस्ट सावध होतो. औषधाला न जुमानणाऱ्या पेशींनी तिथे पुन्हा घर केलेले असते.

इमॅटिनिब आपल्याकडे गरिबाच्या हाती राहिले त्यामागे मुंबईचा हात आहे. नोव्हार्टिस कंपनीच्या पेटंटच्या अर्जाला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती, आणि 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट नाकारले. परळच्या फुटपाथवर मुक्काम करून टाटा हॉस्पिटलच्या खेपा घालणारी माणसे ज्याने पाहिली आहेत त्याला या निकालाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. विझलेल्या दिव्यांचे चित्र हेलसिंकीपुरते राहिले असते, तर ते माझ्यापर्यंत नुसते कुतूहल म्हणून आले असते.

आता पिशाचाकडे येतो, कारण त्यालाही एक जागा आहे. न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुळात तीस वर्षांत पंचवीस माणसे जठराच्या कर्करोगाने गेली, बहुतेक चाळिशीच्या आत, सर्वांत लहान चौदा वर्षांचे. त्या कुटुंबाने स्वतः शास्त्रज्ञांकडे जाऊन शोध घ्यायला लावला, आपली वंशावळ, आपले रक्त पुढे केले. 1998 मध्ये ओटागो विद्यापीठाच्या पॅरी गिलफर्ड यांच्या गटाने कारण सांगितले. पेशींना एकमेकींचा हात धरायला लावणारे ई-कॅडहेरिन नावाचे एक प्रथिन आहे. त्याचे जनुक या कुळात पिढ्यान्‌पिढ्या बिघडलेले उतरत होते. अक्काच्या पेशींनी हात सोडला तो तसाच, पण तिचा तो वारसा नव्हता, आम्ही तपासून घेतले.

या कुळातल्या आणि जगभरातल्या अशा इतर कुळांतल्या तरुण माणसांची दुर्बिणीतून तपासणी करतात. नियमच असा की अस्तर कितीही स्वच्छ दिसो, निदान तीसेक तुकडे ठरलेल्या जागांवरून घ्यायचे. तरीही अनेकदा काही सापडत नाही. आणि तरीही, जनुक बिघडलेले असेल तर, बहुतेकांना विशी-तिशीत सबंध जठर काढून टाकण्याचा सल्ला मिळतो. काढलेले जठर पॅथॉलॉजीत पट्ट्या-पट्ट्या करून सगळेच्या सगळे पाहतात तेव्हा त्यात अंगठीसारख्या पेशींचे सूक्ष्म पुंजके सापडतात, एखाद्यात डझनावारी, एखाद्यात शेकड्यांनी. शरीरात असताना ते कुठल्याही यंत्राला दिसले नव्हते. त्यांना पिशाच म्हणावे तर मन कचरते, कारण ते स्वभावाने अदृश्य नाहीत. फक्त जठर देहात असेपर्यंत अदृश्य आहेत. पाहण्याची किंमत म्हणून जे पाहायचे ते अवयवासकट काढून द्यावे लागते. पंचविशीतली मुलगी, काही दुखत नाही, सगळी चित्रे निर्मळ, आणि ती एका जनुकाच्या अहवालावर विश्वास ठेवून आयुष्यभर वाटीवाटीने जेवायला आणि बी-बारा टोचून घ्यायला तयार होते. ‘दिसत नाही, म्हणून नाही’ असे न म्हणण्याला एवढे धैर्य लागू शकते हे मला कुठल्याही दर्शनग्रंथाने सांगितले नव्हते. चित्रांवर विसंबलेल्या वैद्यकाचीही मला इथे मोठी सचोटी दिसते. जिथे आपल्या दिव्याचा उजेड संपतो तिथे ते जमीन रिकामी आहे असे म्हणत नाही.

अक्का त्यानंतर सात महिने होती. शेवटी शेवटी चमच्याने ताकाची निवळ घेई, तीही घोट अर्धा घोट, आणि मी पेला पुढे केला की डोळ्यांनीच नको म्हणे. तिचे दिवस झाल्यावर फाइल आवरायला घेतली. कागद तारखेप्रमाणे लावताना तळाशी तो पहिला रिपोर्ट निघाला, ज्याच्यासाठी मी साखर ठेवली होती. तेव्हा मी फक्त शेवटचा ठळक अक्षरातला शब्द वाचला होता. या वेळी सगळा वाचला. अन्ननलिका, जठराचा वरचा भाग, मधला भाग, खालचे तोंड, पक्वाशयाची सुरुवात, प्रत्येकापुढे ‘नॉर्मल’. मधल्या भागापुढे मात्र स्वल्पविरामानंतर आणखी एक वाक्य होते, इंग्रजीत, बारीक टायपात. हवा आत सोडल्यावर जठर अपेक्षेइतके फुगले नाही.